मुक्कामाच्या बावीस अटी

११ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ९.

तयारी पूर्ण. उद्या पहाटे पाचला निघायचं. सोळाशे किलोमीटर, तीन दिवस, वाटेत दोन मुक्काम. सोमवारी कन्या नव्या नोकरीत रुजू होणार. ती आणि तिची आई रेल्वेने जाणार होत्या, तिकिटंही काढली होती. मी रद्द केली. मुलीला परक्या गावी बापाने नेऊन सोडायचं असतं आणि तिची खोली बापाने बघायची असते. खिडकीचे गज, दाराची कडी, गॅसची नळी. तेहतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो ते काय नुसत्या सह्या करायला?

कन्येने दोन्ही रात्रींसाठी हॉटेलं बुक केली होती. तीही रद्द केली. फोटोत जिना एकच दिसत होता. मुक्कामाच्या जागेसाठी मी बावीस अटींची चेकलिस्ट केली आहे. तिच्यात बसेल तिथेच झोपायचं. कन्या म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. गेली दोन वर्षं ती माझ्याशी एवढंच बोलते. तिच्या हॉस्टेलच्या वायरिंगची मी लेखी तक्रार केली आणि हॉस्टेलला सील लागलं, ते नेमकं परीक्षेच्या आठवड्यात. त्याला मी काय करू? शॉर्टसर्किट काय टाइमटेबल बघून होतं? असो. या प्रवासात तिचा राग घालवायचा. नव्या खोलीच्या दारात ती स्वतःहून म्हणेल, बाबा, तुम्ही होतात म्हणून.

संकल्प: एक, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं. दोन, गाडी मीच चालवायची. कन्येला लायसन्स मिळून चार वर्षं झाली, पण दोघांनी चालवलं की जबाबदारी कुणाचीच राहत नाही. तीन, चिडायचं नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.५०.

निघालो. उशीर झाला कारण टायर चारदा तपासले. बायकोचं म्हणणं, हवा बरोबरच होती, तपासून तपासून तुम्हीच कमी केलीत.

दुपारी ४.

उशीर भरून काढायला दोन थांबे वगळले. थांबे दमलेल्या माणसासाठी असतात.

रात्री १०.२०.

चार हॉटेलं बघितली. पहिल्यात आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपून दोन वर्षं झालेली. मॅनेजर म्हणाला, साहेब, अठरा वर्षांत इथे काडी पेटली नाही. म्हटलं, म्हणजे नंबर जवळ आला. दुसऱ्यात मागच्या जिन्यावर गाद्यांचा ढीग. तिसरं बावीसपैकी एकवीस अटींत बसलं. स्वच्छ खोल्या, दोन जिने, हसतमुख बाई काउंटरवर. पण खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि अट सात म्हणते पहिल्याच्या वर नको. बायको म्हणाली, अहो, एकवीस म्हणजे डिस्टिंक्शन झालं. तिला समजावलं की सेफ्टीत एकतर पास नाहीतर नापास. चौथ्याचा नुसता बोर्ड होता, हॉटेल बंद.

शेवटी पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली. भरपूर उजेड, माणसांची जाग. दोघी सीटवर झोपतील. मी पहारा देणार. कन्या म्हणाली, दोन तास तुम्ही झोपा, मी जागते. माया आहे पोरीला, दाखवत नाही एवढंच. अर्थात नकार दिला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. पहाटे २.

सर्व ठीक. बायकोचे गुडघे दारात अडकले आहेत. झोपेत कण्हते.

पहाटे ३.

सर्व ठीक.

पहाटे ४.

सर्व ठी

सकाळी ६.४०.

वरची ओळ अर्धी राहिली कारण डोळे मिटून पुढच्या रस्त्याचा विचार करत होतो. पंपावरचा माणूस काच बडवत होता, गाडी काढा म्हणून. बऱ्याच वेळापासून बडवत होता असं बायको म्हणते. तिला अतिशयोक्तीची सवय आहे. तिची मान डावीकडे वळत नाहीये.

दुपारी ३. चहासाठी थांबलो असताना.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. कन्या स्वतःहून पुढच्या सीटवर येऊन बसली आणि सकाळपासून माझ्याशी बोलते आहे! दोन वर्षांचं मौन सुटलं. कारखान्यात किती खाती होती, पहिला साहेब कसा होता, सगळं विचारलं. मग सतराचा पाढा म्हणायला लावला. मग एकोणतीसचा. मी जरा गप्प झालो की लगेच, बाबा, पुढे? शाळेत असताना मी तिच्याकडून असेच पाढे म्हणवून घेत असे. मी उलटे म्हणून दाखवले. तिचं लक्ष सारखं माझ्या तोंडाकडे होतं. बापाकडे इतकं निरखून तिने कधी पाहिलं होतं?

मध्येच म्हणाली, "बाबा, चावी माझ्याकडे द्या. तासभरच." तिला वाईट वाटू नये म्हणून हसून विषय बदलला. ती मागे वळून आईकडे बघत राहिली. मायलेकींचं काहीतरी चालू असतं.

रात्री ८.

बंड. रस्त्यालगतच्या एका लॉजसमोर बायकोने गाडी थांबवायला लावली, आत गेली आणि काउंटरपुढच्या खुर्चीत बसली. म्हणाली, मी आता इथून उठणार नाही, तुम्ही खुशाल जिने मोजत बसा. लोकांसमोर! लॉज बावीसपैकी नऊ अटींत बसतं. जिना एकच आणि तोही लाकडी. पण चिडायचं नाही असं ठरलं आहे. त्या दोघी खोलीत झोपतील. मी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसणार, टॉर्च आणि शिट्टी जवळ ठेवून. धूर दिसला तर दोन मिनिटांत बाहेर काढीन.

कन्या खाली आली होती. म्हणाली, वर तिसरी खाट रिकामी आहे, आज तरी झोपा. मी म्हटलं, तुम्हाला निर्धास्त झोप लागावी म्हणूनच मी जागा आहे. ती जिन्यावर थोडा वेळ उभी राहिली आणि वर गेली. लाख सांगा, शेवटी पोरींना बापाचाच आधार.

१४ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.

रात्रभर काही घडलं नाही. पहारा असला की घडत नाही, हेच लोकांना कळत नाही. किंचित डोकं जड. गार पाण्याने तोंड धुतलं, दोन चहा घेतले. आज संध्याकाळी पोहोचायचं.

संध्याकाळी ५. सरकारी दवाखान्याच्या बाकावर.

एक किरकोळ घटना. सकाळी अकराच्या सुमारास गाडी रस्ता सोडून डाव्या चरात उतरली. सरळ रस्ता, लख्ख ऊन. स्टिअरिंग डावीकडे ओढत असणार. नाहीतर एखादं कुत्रं आडवं आलं असेल. बायको म्हणते, कुठलं कुत्रं? मागे बसलेल्या माणसाला पुढचं काय दिसणार?

बायकोच्या कपाळाला तीन टाके. कन्येचं डावं मनगट मोडलं, कारण तिने माझ्या हातावरून झेप घेऊन स्टिअरिंग ओढलं. पट्टा लावलेला असताना अशी हालचाल करू नये हे मी तिला लहानपणापासून शिकवलं आहे. पलीकडे झाड होतं असं ती म्हणते. मला काही लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोन दिवसांत किती तास झोपलात? म्हटलं, नेहमीइतकेच. कन्येने डोळे मिटून घेतले. प्लास्टर घालताना दुखलं असेल.

१५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

दोघी बसने पुढे गेल्या. उद्या तिला रुजू व्हायचंच आहे, एका हाताने का होईना. मी बसमध्ये चढत होतो. बायको म्हणाली, "तुम्ही गाडीजवळ थांबा." बरोबर आहे. गॅरेजवर लक्ष ठेवायला जबाबदार माणूस हवा. कन्या खिडकीजवळ बसली होती. बस हलेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. ऊन तिच्या डोळ्यांवर येत असावं, तिने पडदा ओढून घेतला.

गाडी मंगळवारी मिळणार. बुधवारी तिच्या खोलीवर पोहोचेन. कडी आणि खिडक्या तेव्हा बघता येतील. दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १.

काल सकाळी गॅरेजशेजारच्या खाणावळीच्या माडीवर खोली घेतली. जिना बघितला नाही. खाटेवर पाठ टेकली ती आज दुपारी साडेबाराला उठलो. कुणी उठवलं नाही. फोन बघितला, एकही कॉल नाही. रुजू झाली असेल. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. पहिल्या दिवशी कामात असणारच. बायकोनेही उचलला नाही. तीही कामात असेल.

खोलीत दुसरं कुणी नाही. वहीशी तरी खोटं बोलून काय मिळवायचं? पण कुत्रं आलंही असेल. नाही म्हणता येत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.

गाडी तयार. गॅरेजवाला चावी देईना. आधी म्हणाला, ट्रायल बाकी आहे. मग म्हणाला, चहा घ्या. शेवटी जमिनीकडे बघत बोलला, "साहेब, तुमच्या मुलीचा फोन आला होता. चावी तुमच्या हातात द्यायची नाही म्हणाल्या." तिने ड्रायव्हर ठरवला आहे म्हणे. दोन कामगार हातातलं काम सोडून ऐकत होते. मी म्हटलं, हो हो, आमचं तसंच ठरलं होतं.

तरी यातही काळजीच आहे. बाप सुखरूप पोहोचावा म्हणूनच ना? रागावलेली मुलगी असलं करत बसत नाही. बाजारातून तिच्या दारासाठी चांगली जाड कडी घेतली.

सायंकाळी ६.

ड्रायव्हर पन्नाशीचा, कमी बोलणारा. मला म्हणाला, काका, सीट मागे करा, खुशाल झोपा. गावाबाहेरच्या मोठ्या चौकात तिच्या शहराचा रस्ता उजवीकडे जातो. त्याने गाडी डावीकडे घेतली. मी म्हटलं, चुकलात. त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, "नाही काका. ताईंनी तुमच्या घरचा पत्ता दिलाय."

मी बरं म्हटलं. कडीची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. मग त्याला म्हणालो, त्या दिवशी मला झोप लागली होती. त्याने नुसती मान हलवली. त्याला आधीच माहीत होतं.

त्याने बरोबर दर दोन तासांनी गाडी थांबवली. गाडी जरासुद्धा हलली नाही की डुलली नाही. दिवसभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.