पायांना आराम

३ जानेवारी
आज लेकीकडे दारव्ह्याला राहायला आलो. बोरी अरबहून जीपमध्ये मी, एक पेटी आणि माझं शिलाई मशीन. मशीनला खिडकीची जागा मिळाली, मला मधली. जावई धम्मरत्न म्हणाला, बाबा, हात थरथरतात, आता मशीन कशाला? मी म्हटलं, तुझी पॅन्ट घोट्याच्या वर आली आहे, ती उसवून लांब कोण करेल? ममता पोट धरून हसली. तिची आई प्रभावती गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून असं हसणं ऐकलं नव्हतं. खोलीत ऊन छान येतं.

६ जानेवारी
माझा कंपवात हातांपेक्षा पायांना जास्त छळतो. संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला की पोटऱ्यांत वळवळ सुरू होते, मग बोटं आत वळतात, पोटरी लाकडासारखी कडक होते. बसवत नाही, निजवत नाही. प्रभावती तेल लावून पाय रगडायची आणि वर मला शिव्या घालायची. दोन्हींनी आराम पडायचा.
आज सहज मशीनवर बसलो, पायडलवर पाय ठेवले. दहा मिनिटांत वळवळ बंद! चाळीस वर्षांची शिंपीगिरी पायांना अजून आठवते. ममताने सुईत दोरा ओवून दिला, जुन्या पांढऱ्या कापडाचे तुकडे दिले. मी हात नुसते टेकवले. जेवण गोड लागलं.

१० जानेवारी
रोज तासभर मशीन चालवतो. आज बघतो तर तुकडे जोडून नीट बाही झाली आहे. मी ती बेतली नव्हती. हात एवढे थरथरतात आणि टीप मात्र सरळ! ममताचा उजवा हात सकाळपासून भरून आला आहे, तिला पोळी लाटवली नाही.

१३ जानेवारी
दुसरी बाही झाली. ममताला डावा हातही उचलवत नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.
टेप लावला. बाही नऊ, दंड अकरा. हे ममताचंच माप. तिच्या लग्नाचे ब्लाऊज मीच शिवले होते, कसा विसरेन.
प्रभावती दवाखान्यात होती तेव्हा पौर्णिमेच्या वंदनेला घालायला मी तिच्यासाठी पांढरा ब्लाऊज शिवायला घेतला होता. बरी होऊन घालेल म्हणून. तिचेही आधी हात गेले, मग पाठ. शेवटची टीप मारली त्या दिवशी ती गेली. तोच घालून तिला नेलं. आणि मी वेडा, लवकर पुरा व्हावा म्हणून जोरात पाय मारत होतो.

१५ जानेवारी
ममताला सगळं सांगितलं. माझा आवाज बारीक झाला आहे, दोनदा सांगावं लागलं. ती रडली, पण माझ्यासाठी. या गोळ्यांनी भास होतात, असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलंय.
मशीनचा पट्टा कात्रीने कापून टाकला.

१७ जानेवारी
तीन संध्याकाळी मशीनविना. बोटं उलटी वळतात. भिंत धरून फेऱ्या मारल्या, पडलो. तिला ऐकू जाऊ नये म्हणून उशी दातांत धरली. ऐकलंच तिने.
पण आज तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. दोन्ही हात वर गेले! सोसेन. मरेपर्यंत सोसेन.

१८ जानेवारी
धम्मरत्न बाजारातून नवा पट्टा घेऊन आला. बसवलासुद्धा. भला माणूस. मी हात जोडले, त्याला वाटलं आभार मानतो आहे—

१९ जानेवारी, संध्याकाळ
ममता दोरा ओवून खाली बसली. माझे पाय उचलून तिने स्वतः पायडलवर ठेवले.
"बाबा, तुमचं तडफडणं मले पाहवत नाही. चालवा. मी बसतो इथंच."
"नको माय, मरशीन तू."
तिला ऐकूच गेलं नाही.
पाय सुरू झाले. मी थांबवतो, ते—
पाठ जोडली गेली. ममता भिंतीला टेकली आहे. दुखतंय तिला, तरी मला हसून दाखवते.
एका हाताने लिहितो. दुसरा कापडावरून निघत नाही. धम्मरत्नला हाक मारली— आवाज नाही—
ब्लाऊजचा गळा लागतोय, शेवटची टीप. तिने डोळे मिटले—
ममता—
पाय जरासुद्धा दुखत नाहीत. इतका आराम मला कधी