गुगलवर एक नंबर, मु. पो. सणसर

८ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

दुपारी जेवताना आबांनी, म्हणजे वडिलांनी, रोपवाटिकेच्या शेडची चावी माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, "ह्या आडसालीला, जुलैच्या लावणीला, समदं तू बघायचं. पर रोपं ट्रेमधी म्हातारी झाली, तर चावी स्वरूपाकडं. मग रडायचं न्हाय." स्वरूपा म्हणजे माझी बायको. भाकरी वाढता वाढता हसली. का हसली ते विचारलं नाही.

उसाचं रोप महिनाभरात लावणीला येतं. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबलं की मुळं गुंतून बसतात, मग फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. म्हणजे जे करायचं ते जुलैत.

मोबाइलवर 'ऊस रोपे सणसर' टाकून बघितलं. पहिला कोण? कुंडलिक! माझा चुलतभाऊ, शेळगावचा. त्याची वेबसाइट नाही, काही नाही. नकाशावर एक खूण आणि म्हशीचा फोटो. चौथ्या पानापर्यंत गेलो. तिथं रसाची मशीन विकणारा राजकोटचा माणूस निघाला, मी नाहीच.

संकल्प: लावणी सुरू व्हायच्या आत गुगलवर एक नंबर. रोज पहाटे पाचला उठून एसईओ, म्हणजे गुगलवर वर चढायची विद्या.

९ जून
उठायला साडेनऊ. पण झोपेत विचार चालूच होता.

१२ जून
वेबसाइट तयार. स्वतः केली, व्हिडिओ बघून. 'अविराज हायटेक ऊस रोपवाटिका'. व्हिडिओतला मुलगा म्हणतो, कंटेंट पाहिजे. म्हणून 'उसाचा इतिहास: वेदकाळापासून सणसरपर्यंत' ही लेखमाला काढली. वेदकाळ आज उरकला.

शिवाय एक गुप्त युक्ती. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत 'ऊस रोपे बारामती इंदापूर' दोनशे वेळा लिहिलं. माणसाला दिसत नाही, गुगलला दिसतं.

स्वरूपाने विचारलं, रोपांना पाणी सोडलं का? या घरात व्हिजनची कदर नाही. पाणी तिने सोडलं.

१६ जून, सकाळी ११
एक नंबर!!! माझ्या मोबाइलवर मी पहिला, कुंडलिक दुसरा. खात्री करायला सकाळपासून चाळीस वेळा उघडून बघितलं, प्रत्येक वेळी पहिला. पेढे आणले.

दुपारी ४
स्वरूपा म्हणते, तिच्या फोनवर मी दिसत नाही. तिचा फोन जुना आहे.

१९ जून
आबा फोनला तोंड लावून बोलतात. आज ओट्यावर बसून ओरडले, "उसाची रोपं कुठं मिळत्यात?" फोनने कुंडलिकचा पत्ता वाचून दाखवला. आबांनी फोन माझ्यापुढे धरला. मी सांगितलं, पी हळद अन् हो गोरी असं यात नसतं, अल्गोरिदमला वेळ लागतो. आबा म्हणाले, "रोपांना ठावं हाय का ते?"

आबांचाही फोन जुना आहे.

२२ जून
मास्टरस्ट्रोक. सणसर असं किती लोक शोधणार? सगळे बारामती शोधतात. म्हणून नकाशावरची आपली खूण उचलून बारामतीत नेली. मेव्हणा दिग्विजयचं तिथं मोबाइलचं दुकान आहे, त्याच्या शटरवर ठेवली. दिग्विजयला सांगायचं राहिलं. उद्या सांगू.

२५ जून
अभ्यासाअंती कळलं: खेळ सगळा रिव्ह्यूंचा आहे. कुंडलिकला सतरा, मला एक. तो एक मीच दिलेला.

लोकांना पाच चांदण्या द्यायला लावायच्या म्हणजे निवडणूकच की! आणि निवडणूक मला कोणी शिकवावी? सोसायटीच्या गेल्या निवडणुकीत दोन वस्त्यांची मतं मी एकट्याने बाहेर काढली होती. आमचं पॅनेल पडलं, तो भाग वेगळा.

रविवारी मटण. माणसं आणायला दोन जीप सांगितल्या.

२९ जून, रविवार
ऐतिहासिक दिवस. शेडमध्ये पंगत, खांबाला आमचा वायफाय, पासवर्ड फळ्यावर. नियम एकच: आधी रिव्ह्यू, मग रस्सा. दारात मी स्वतः एकेकाचा मोबाइल तपासत होतो. मळ्यातले धोंडीबा म्हणाले, "चिन्ह कंचं?" मी म्हटलं, पाच चांदण्या. त्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, तर त्यांचं मत नातवाच्या फोनवरून टाकून घेतलं. एकूण त्र्याण्णव!

कुंडलिकही आला. आमंत्रण नव्हतं, पण भावकीला दारातून परत कसं पाठवणार? चार भाकरी खाल्ल्या, रोपं बघत बराच वेळ हिंडला, स्वरूपाशी बोलला.

रिव्ह्यू वाचतोय. "मटण एक नंबर, रस्सा जरा तिखट." "अविराजभाऊ आगे बढो." "भावी चेअरमन." "रोपं बघितली न्हाईत पण माणूस चांगला." रोपांबद्दल लिहिणारा एकच निघाला. कुंडलिक. "रोपं चांगली हायती, लवकर न्या."

३० जून
कुंडलिकचे रिव्ह्यू सतरावरून शंभराच्या पुढे! चौकशी केली. लोक म्हणाले, तुझं खाल्लं म्हणून तुला दिलं, पण त्याला बी वाईट वाटाय नगं, म्हणून घरी जाताना त्याला बी दिलं. ही आपल्या लोकांची जुनी खोड. दोन्हीकडचं जेवायचं आणि दोन्हीकडं शिक्का मारायचा. आणि त्याने तर कोणाला चहासुद्धा पाजला नाही.

२ जुलै
माझे सगळे रिव्ह्यू गायब. एका वायफायवरून, एका दुपारी त्र्याण्णव आले म्हणून गुगलने खोटे ठरवले. म्हणजे आचारसंहितेत अडकलो. कुंडलिकला दिलेले आपापल्या घरून, आपापल्या सवडीने दिलेले, ते शाबूत.

अपील केलं आहे. इंग्रजीतून, कडक.

९ जुलै
रोपं लावणीला आली. स्वरूपाने दोनदा सांगितलं. फोन सारखा वाजतोय, त्याने लेखमालेत व्यत्यय येतो (मी यादवकाळात आहे). सायलेंटवर टाकला.

१३ जुलै
निरवांगीचे संभाजीराव ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन नकाशाच्या मागे मागे थेट बारामतीत दिग्विजयच्या दुकानासमोर जाऊन थांबले. म्हणाले, "८६०३२ हाय का?" ही उसाची जात. दिग्विजयने विचारलं, कुठल्या कंपनीचा? मागे गाड्यांची रांग, हॉर्न, पोलिस. दिग्विजयला सांगायचं राहूनच गेलं होतं.

संभाजीरावांनी मला अकरा वेळा फोन केला, बारावा मी चुकून उचलला. अत्यंत नम्रपणे सांगितलं की वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे, तो भरा, चोवीस तासांत आमची टीम संपर्क करेल. ते म्हणाले, "आरं, मी ट्रॅक्टरवर बसलोय. टीमला म्हणावं, हितं येऊन ढकल." शेतकरी अजून डिजिटल झालेला नाही, हे दुःख आहे.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: माणूस गुगलवरूनच आला होता!

१८ जुलै
आबा शेडमध्ये आले. एक रोप ट्रेतून उपटून मुळं बघितली, परत ठेवलं. तसेच घरी निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उद्यापासून पहाटे पाच, नक्की.

१९ जुलै
साडेआठ. सुधारणा आहे. स्वरूपाने माझा फोन 'चार्जिंगला' म्हणून नेला, तो दिवसभर दिला नाही. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता, "व्हय भाऊजी, तुमच्याकडची संपली असतील तर धाडा की हिकडं." माहेरच्या कोणाशी तरी बोलत असावी.

२१ जुलै
एसईओ लागू पडलं!!! सकाळपासून शेडसमोर पिकअप उभ्या. सणसर, निरवांगी, पार नदीपलीकडची माणसं. ट्रे हलतायत. मी प्रत्येकाला विचारतोय, आमची माहिती कुठं मिळाली? सगळे म्हणतात, कुंडलिकरावांनी पाठवलं. यालाच बॅकलिंक म्हणतात. मोठ्या साइटने लहान साइटकडे गिऱ्हाईक पाठवणे. व्हिडिओत अगदी हेच होतं.

स्वरूपाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, कुंडलिकभाऊजी त्या मटणाच्या दिवशीच म्हणाले होते, माझी रोपं कमी पडणार, तुमच्याकडं गिऱ्हाईक धाडू का. तेव्हा तुम्ही दारात मोबाइल तपासत होता.

हा समन्वयाचा अभाव.

२७ जुलै
शेड रिकामी. एकही रोप म्हातारं झालं नाही. आबांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला, मी चावी दिली, त्यांनी स्वरूपाला दिली. मी म्हटलं, पण रोपं तर गेली ना? आबा म्हणाले, "गेली. कुनामुळं गेली ते चावीला ठावं हाय." स्वरूपाने चावी कमरेला खोचली. या वेळी हसली नाही, आणि का कोण जाणे, तेच जास्त लागलं.

माझ्याकडे आता डिजिटल विभाग राहील. एका अर्थी बढतीच.

३ ऑगस्ट
ग्राउंड लेव्हल समजून घेण्यासाठी आज रिकामे ट्रे धुतले. स्वरूपानेच सुचवलं होतं. पाठ धरली. संभाजीराव नेलेले ट्रे परत द्यायला आले होते, ट्रॅक्टरवर बसून फोनमध्ये काहीतरी करत होते. मधूनमधून रँकिंग बघत होतो, अजून मीच एक नंबर.

१० ऑगस्ट
ओट्यावर बसलो होतो. आबा फोनला तोंड लावून ओरडले, "सणसरात उसाची रोपं कुठं मिळत्यात?" फोन म्हणाला, "स्वरूपावहिनींची रोपवाटिका, सणसर." मी फोन हिसकावून घेतला. एक नंबर! वर, पहिली! कुंडलिकच्याही वर! खूण आमच्या शेडवर, नंबर स्वरूपाचा. कोणी केलं हे? संभाजीरावांनी. ट्रॅक्टरवर बसून, पाच मिनिटांत. त्याच फोनवर खाली स्वतःला शोधलं, राजकोटच्या मशीनवाल्यापर्यंत गेलो. अविराज हायटेक नाही. माझ्या मोबाइलवर मात्र मी पहिला, दिवसातून चाळीस वेळा तेच उघडतो म्हणून. म्हणजे माझ्याच मोबाइलवर. स्वरूपाचा फोन जुना नव्हता.

खाली संभाजीरावांचा रिव्ह्यू, पाच चांदण्या. "रोपं टवटवीत. वहिनी पहिल्या रिंगला फोन उचलत्यात. ट्रे धुवायला एक गडी ठेवलाय, तो बरा हाय, पर सारखा मोबाइल बघतो."

सोबत फोटोही टाकलाय. फोटो माझा आहे.