सरूबाईचा पाककलेचा बिल्ला

छावणी, औरंगाबाद
१४ मे १९८६

तीर्थस्वरूप पुंजादादा यांस, धाकटी बहीण सरू हिचा प्रभूमध्ये सलाम. (तोंडानं मी तुला अरे-तुरेच करते, पण कागदावर ‘यांस’ लिहावं लागतं.) देवगावला सगळी खुशाल असतील. दगडावहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का? तिला म्हणावं, नुसतं तेल चोळून भागत नाही, माळवदावर चढणं कमी कर. माझं बरं आहे. बरं म्हणजे ताप-खोकला नाही. बाकी जे झालं ते पुढं लिहिते.

तुला ठाऊकच आहे, चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात मी बावीस वर्षं रांधते. साठ मुली, दोन वेळा. गेल्या साली इथल्या तरुण संघात बिल्ल्यांचं खूळ आलं. प्रथमोपचाराचा बिल्ला, शिवणाचा बिल्ला, बागकामाचा बिल्ला. (एक नम्रतेचाही आहे, तो मिळालेली पोरगी तेव्हापासून कुणाला ओळख देत नाही.) खांद्यावरून आडवा पट्टा घ्यायचा नि त्यावर ते टाचायचे. आठ झाले की ‘ज्योतिवाहक’ पुरस्कार, भर उपासनेत, टाळ्यांसकट. पाककलेच्या बिल्ल्याला शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा पाळकसाहेब स्वतः चुलीपाशी आले नि म्हणाले, सरूबाई, हे काम तुमचंच. मी फुगले. खोटं कशाला बोलू, लई फुगले.

तीन महिने दर शनिवारी अकरा पोरींना शिकवलं. त्यातली एक सुवार्ता, पाळकसाहेबांची पुतणी, वय सोळा. तिची पहिली भाकरी नाथसागराच्या नकाशासारखी झाली होती, सगळ्या वळणांसकट. तिचे हात हातात धरून थापायला शिकवलं. अकराच्या अकरा पास झाल्या. सुवार्ताचा तो आठवा बिल्ला, म्हणून ती ज्योतिवाहक झाली. उपासनेत उभी राहून तिनं आभार मानले, देवाचे, काकांचे आणि ‘स्वयंपाकघरातल्या सर्वांचे’. स्वयंपाकघरात मी एकटीच असते.

मग वरून नियम आला की शिकवणाऱ्याकडंही बिल्ला हवा. नसला तर त्यानं परीक्षा द्यावी, आणि ती ज्योतिवाहकानं घ्यावी. म्हणजे माझी परीक्षा सुवार्तानं घ्यायची. दादा, मला राग नाही आला, हसू आलं. म्हटलं, चला, या निमित्तानं एक बिल्ला तरी पदरात पडंल. पदरावर कुठं टाचायचा ती जागासुद्धा आरशात बघून ठरवली. (पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं करू नये, पण केलं.)

परीक्षेला काय, तर चौघांचं जेवण. डाळ, भाकरी, वांग्याची भाजी. बावीस वर्षांत मी चौघांचं कधी रांधलंच नाही. हात आपसूक मोठ्या पातेल्याकडं गेला नि डाळ झाली चाळीस जणांची. सुवार्ता कागद घेऊन पाठीशी उभी. मीठ किती चमचे, तिनं विचारलं. मी म्हटलं, लागंल तितकं. तिनं लिहून घेतलं. मी तळहातावर थेंब घेऊन चव बघितली, तेही लिहून घेतलं. पाळकसाहेब आणि चर्चचे सेक्रेटरी काकासाहेब परीक्षक म्हणून जेवायला बसले. दोघांनी बोटं चाटली, दोनदा वाढून घेतलं आणि उठताना डबे भरून डाळ घरी नेली. संध्याकाळी निकाल लागला. नापास. शेरा, ‘प्रमाणाचे भान नाही.’

मी सुवार्ताला अंगणात गाठलं. पोरगी मान वर करीना.

“मावशी, मी नियमानंच मार्क दिले.”

“ते असू दे. डाळ कशी झाली होती?”

“डाळ लई भारी होती, मावशी.”

“मग?”

“चवीला रकानाच नव्हता कागदावर.”

पोर खोटं नाही बोलली. कागद काही तिनं केला नव्हता. पण लिहिताना तिचा हात एकदाही अडखळला नाही, ते मला जास्त लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला सहभागाचं प्रमाणपत्र दिलं. त्यावर नाव सरलाबाई, तेही चुकलेलं. मी घेतलं, टाळ्याही झाल्या. आता ते पिठाच्या डब्याखाली अंथरलंय, डबा डुगडुगत होता तो बसला. मला काही त्याचं वाटत नाही. बिल्ल्यानं काय पोट भरतं?

वहिनीला सलाम, लेकरांना गोड पापा.

तुझी,
सरू

ता. क. : कमिटीनं ठराव केलाय, जूनपासून रांधणारी बाई बिल्लेवालीच हवी. तशी एक ठरलीसुद्धा. स्वयंपाकघरामागची माझी खोली तिला लागणार, एकतीस तारखेला रिकामी करायची आहे. तुझ्या घरामागं कडबा ठेवायची खोली आहे, ती पावसाळ्यात गळते का? गळत असली तरी चालंल.

आणखी एक : वहिनीला विचारूनच कळव, तिच्या माघारी हो म्हणू नको. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन्हींत नुसतं खोलीचंच विचारलं होतं. ती पेटीत टाकायला हात धजावला नाही. म्हणून या खेपेला आधी तुला हसवून घेतलं.