आउटबॉक्समध्ये राहिलेलं ‘ये’

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? (उपचार म्हणून विचारत नाही. तू दोन्हींबद्दल लिहिलं होतंस आणि मी दोन्हींवर सविस्तर सल्लाही दिला होता. तो तुला वेळेवर का मिळाला नाही, हेच या पत्राचं कारण आहे.) इकडे बाबा फार अशक्त झालेत, मात्र जीभ शाबूत आहे. मी बरा होतो. परवापासून तुझा फोन बंद लागतोय, तेव्हापासून बरा नाही.

तू विचारलं होतंस, ‘बाबांना भेटायला येऊ का? त्यांनी तोंड फिरवलं तर मला सोसणार नाही, म्हणून आधी विचारते. फोन करू नकोस, रडू येईल, लिहूनच कळव.’ बाबा तुझ्या लग्नाला आले नाहीत आणि त्यानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस. तेव्हा एवढं लिहिणं तुला किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. मी त्या वेळी एका कापडाच्या गोदामात लिफ्टसमोर उकिडवा बसलो होतो (लिफ्ट तपासनीसाला जग बहुधा गुडघ्याच्या उंचीवरूनच दिसतं). व्यवस्थापकाकडून वायफायचा पासवर्ड मागून घेतला होता, त्यावर तुझा मेल आला. तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, ‘ये. विचारत बसू नकोस, ये.’ बटण दाबलं, डोळे पुसले आणि लिफ्ट नापास केली.

आता आमच्या घरातला एक कायदा तुला सांगायला हवा. लॅपटॉपची बॅग आल्याबरोबर चपलांच्या कपाटावर ठेवायची, ती सकाळीच उचलायची. (कायदा तुझ्या भावजयीचा. मी जेवताना झिजलेल्या दोरांचे फोटो बघायचो, त्यावरून झाला.) त्यामुळे या लॅपटॉपने गोदामांचं, बँकांचं, वाचनालयांचं वायफाय चाखलं, घरच्याचं तोंड मात्र वर्षानुवर्षं पाहिलं नाही. आणि माझा मेलचा पत्ता तर घरच्या इंटरनेटवाल्यानेच दिलेला. त्याचा खाक्या असा, की आलेला मेल तुम्हाला कुठेही दाखवीन, पण जाणारा मेल माझ्याच लाइनवरून निघाला तरच पुढे नेईन. परक्याच्या वायफायवरून आला की तो ओळखच दाखवत नाही. मग मेल निमूटपणे आउटबॉक्समध्ये बसून राहतो. (कचेरीचे अहवाल दुसऱ्या पत्त्यावरून जातात आणि या पत्त्यावरून मी एरवी कोणाला लिहीत नाही, म्हणून हे कधी उघडकीला आलं नाही.) याची सूचना मला मिळत होती. दर वेळी पडद्यावर एक चौकोन उमटायचा आणि मी तो न वाचता ‘ओके’ दाबून घालवायचो. ताई, हा तोच मनुष्य आहे, ज्याने लिफ्टालिफ्टांत ‘सूचना नीट वाचा’ अशा पाट्या लावल्या आहेत आणि लोक त्या वाचत नाहीत म्हणून वरिष्ठांकडे लेखी तक्रारही केली आहे.

मग तुझा मेल आला, ‘समजले.’ एवढाच, पूर्णविरामासकट. माझं उत्तर न येणं हाच तू नकार समजलीस, हे आता कळतं; तेव्हा मी चक्रावून गेलो. बँकेतून लिहिलं, ‘काय समजलीस? कधी निघतेस?’ दवाखान्यातली लिफ्ट बघताना लिहिलं, ‘बाबा वाट बघताहेत.’ (ते तसं म्हणाले नव्हते. मी मनाचं लिहिलं.) वाचनालयातून जरा आवाज चढवून लिहिलं. तुझ्याकडून हूं नाही की चूं नाही. शेवटी एका हॉटेलातली लिफ्ट मला पोटात घेऊन मधेच अडकली. सुटका होईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं आणि हॉटेलचं वायफाय दुर्दैवाने तिथेही उत्तम येत होतं. तेव्हा लिहिलं, ‘एवढाच ताठा असेल तर येऊच नकोस. तू अगदी बाबांवर गेली आहेस.’ पाठवून मोकळा झालो. क्षणभर बरं वाटलं, नंतर वाटेना.

परवा कायदा भावजयीनेच मोडला. डॉक्टरांनी बाबांचे रिपोर्ट मेलवर पाठवले होते, ते तिला बघायचे होते. मी आंघोळीला गेलेलो. तिने लॅपटॉप उघडला, त्याने घरचं वायफाय ओळखलं आणि तुंबलेले सगळे मेल एका दमात सुटले. “अहो, हे सूं करून काय गेलं?” असं तिने दाराबाहेरून विचारलं, तेव्हा माझ्या तोंडाला साबण होता. बाहेर येऊन पाहिलं, तर आउटबॉक्स रिकामा; तसाच तुला फोन लावला, तो बंद. तुला सगळ्यात वर दिसलं असणार ते ‘येऊच नकोस’. तेव्हा हात जोडून सांगतो, खालून वर वाच. सगळ्यात खालचं खरं. वरचं एका अडकलेल्या माणसाचं आहे, ते पुसून टाक.

भावोजींना नमस्कार. त्यांना गरम पाणी प्यायला सांग.

तुझं शेंडेफळ

ता. क. इंटरनेटचं पुराण झालं, मुद्द्याचं राहिलं. तुझा पहिला मेल मी बाबांना वाचून दाखवला होता. ते ‘हं’ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आजारपणात त्यांनी दाढी वाढू दिली होती, पण दुसऱ्या सकाळपासून ती ते माझ्याकडून रोज करून घेतात, त्यांचा हात थरथरतो म्हणून. मग इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसतात. कोणी येणार आहे का विचारलं, तर म्हणतात, “सहज.” संध्याकाळी शर्ट हँगरला लावायला सांगतात, उद्यासाठी. डॉक्टर म्हणतात, असं बसणं त्यांना आता फार दिवस झेपायचं नाही. मला भीती वाटते, ताई. ये.

आणखी एक ता. क. हे पत्र घरूनच लिहितोय, कायदा तूर्त स्थगित आहे. बाबा मघापासून शेजारी येऊन बसलेत. कोणाला लिहितोस, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, “तिकडून उत्तर यायला किती वेळ लागतो?” मी म्हटलं, “बाबा, अजून पाठवलं कुठे आहे?”

“मग पाठव की,” म्हणाले. “पाल्हाळ कसलं लावतोस!”

तेव्हा पाठवतो.