चौथी मुलाखत आणि लालबर्राकडचा पंप

मु. पो. तिरोडी, जि. बालाघाट
दि. १९ जानेवारी

ती. बाबूलाल मामांना मंजुषाचा सविनय जयभीम. मामींनाही जयभीम. इथे आम्ही तिघंही ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. (तेल खरंच लावता की मामींना नुसतं लावलं म्हणून सांगता, तेही कळवा.) ही बातमी फोनवर दोन मिनिटांत झाली असती. पण तीस वर्षं तुमसरच्या घराघरांत लोकांची पत्रं वाटली आणि स्वतःच्या नावाचं एकही आलं नाही, असं तुम्ही दिवाळीत बोललात, ते आईला लागलं. शिवाय मराठीत लिहायचं ही तुमची अट. मामा, मी हिंदी शाळेत शिकलेली पोरगी. चूक दिसली की डोळे मिटा आणि पुढच्या ओळीवर या.

पहिल्या तीन मुलाखतींचं अर्धंमुर्धं तुमच्या कानावर आलंच आहे, पण नीट सांगते. पहिल्या ठिकाणी विचारलं, बाहेर तीन बटणं, आत बंद खोलीत एक बल्ब, खोलीत एकदाच जायचं, बल्बचं बटण कोणतं ते कसं ओळखाल? मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन. मी म्हटलं, बोर्ड उघडते आणि टेस्टर लावते. तसं चालत नाही म्हणे. एक बटण थोडा वेळ लावून बंद करायचं, दुसरं लावायचं, मग आत जाऊन बल्बला हात लावून तो गरम आहे का ते पाहायचं. मी म्हटलं, सर, आता एलईडी असतात, ते तेवढे तापत नाहीत, आणि बल्बला हात लावू नका असं आमच्या मास्तरांनी दोन वर्षं बजावलं. ते म्हणाले, आपण फोन करू. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्ही भाजी असता तर कोणती असता? मी वांगं म्हटलं. का? तर बारशापासून तेरवीपर्यंत सगळीकडे चालतं. (खरं आहे ना मामा?) त्यांनीही फोन करू म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी साहेबांच्या साळ्याचं लग्न होतं, म्हणून दाराला कुलूप होतं. ती मुलाखत मी माझ्या नापासांत धरत नाही.

बाबा मार्चमध्ये खाणीतून रिटायर होतात. आईने ठरवून टाकलं होतं की चौथ्या खेपेला जमलं नाही तर गोंदियाला अंजूताईच्या साडीच्या दुकानात उभं राहायचं. काम काही वाईट नाही. पण बाबांनी माझा आयटीआयचा कागद फ्रेम करून जेवतो त्या खोलीत लावला आहे. रोज त्याच्यासमोर बसून जेवायचं आणि उठून पदर कसा पडतो ते गिऱ्हाइकाला दाखवायला जायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

त्यात तुम्ही चाळीस फसव्या प्रश्नांची वही पाठवलीत, उत्तरांसकट. तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्या वहीने आमच्या घराची काय दशा केली ते ऐका. बाबा ड्यूटीवरून आले की चप्पल काढायच्या आधी एक कोडं टाकायचे. मी त्यांना दोन टाकायची. पंधरा दिवसांत साध्या प्रश्नावरचा दोघांचाही विश्वास उडाला. आईने विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का? तर बाबा घास हातात धरून विचार करत बसले. शेवटी आई कडाडली, "सरळ बोला, नाही तं दोघंही उपाशी झोपा. मले कोडं नाही येत, मले फक्त स्वयंपाक येते."

अशा तयारीनिशी मी परवा बालाघाटला पोचले. बस कटंगी, वारासिवनी करत गेली आणि वाटेत मी चाळीसही उत्तरं दोनदा म्हटली. (शेजारच्या बाईंना वाटलं मी मंत्र म्हणते, त्यांनी पाय जवळ घेऊन जागा दिली.) कंपनी सोलर पंप बसवणारी. आत एक साहेब आणि एक दीप्ती मॅडम. मॅडम म्हणाल्या, "बैठिए, पानी लेंगी?" मामा, मला तिथेच घाम फुटला. घेतलं तर हावरट, नाही घेतलं तर भित्री. मी मधला मार्ग काढला आणि अर्धा ग्लास म्हटलं. अर्धा ग्लास समोर आल्यावर लक्षात आलं की वहीतला अकरावा प्रश्न हाच. त्यांनी विचारायच्या आत मी ठणकावून सांगितलं, "मॅडम, ग्लास आधा भरा हुआ है." मॅडमनी जग पुढे ओढला. मग म्हणाल्या, "तो और चाहिए क्या?"

मग साहेबांनी विचारलं. लालबर्राकडच्या एका शेतातला पंप. वायर ठीक, मोटर ठीक, विहिरीला पाणी. कंपनीचा माणूस समोर उभा असला की पाणी धो-धो येतं, माणूस गेला की बंद. तीनदा असं झालं. काहून? (साहेब काहून नाही म्हणाले, ते क्यों म्हणाले. मला काहूनच ऐकू आलं.) मी चाळीसही उत्तरं मनात उलटीपालटी केली. डॉक्टर त्याची आईच होती. बर्फ वितळला. घोड्याचं नाव शुक्रवार होतं. एकही पंपाला बसेना. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं आणि मला गोंदियाचं दुकान दिसायला लागलं, काचेमागच्या साडीतल्या बाहुलीसकट. शेवटी तोंडातून घरची भाषाच निघाली. म्हटलं, "सर, मले माहीत नाही. तिथं गेल्याबिगर सांगता येणार नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मालूम तो हमें भी नहीं है."

मामा, ते कोडं नव्हतंच! पंप खरा होता आणि महिनाभर खरोखर बंद होता. माझ्या आधीच्या नऊ जणांनी त्याला नऊ हुशार उत्तरं दिली होती. एकाने तर भुताचंही दिलं. मॅडमनी विचारलं, "अभी चलोगी?" मी अर्धा ग्लास पाणी संपवून उठले.

शेताच्या अलीकडे धानाच्या पोत्यांची बैलगाडी वाटेत रुतली होती. जीप तिथेच अडकली. मॅडम फोनवर होत्या, म्हणून मी एकटीच बांधावरून चालत गेले. पाहते तर काय, सोलरच्या पाट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पाच ओल्या गोधड्या वाळत होत्या! शेतकरीण तुळसाबाई विहिरीतून बादली शेंदत होत्या. कंपनीची जीप नाही, टोपी नाही, त्यांना वाटलं कोणाकडची पाहुणी आली.

मी विचारलं, मावशी, या गोधड्या रोज इथं?

"हौ वं बाई. बुढा सहा महिन्यांपासून खाटेवर आहे. रोज धुवा लागते. येथं लवकर वाळते."

"आणि कंपनीचे लोक आले की?"

"जीपचा आवाज आला का काढून घेतो ना. साहेब लोकांसमोर घरातल्या गोधड्या बरं दिसते काय?"

माझ्या पोटातून हसू आलं, पण त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि ते तिथेच राहिलं. हात पाण्याने पांढरे पडले होते. पाण्यासाठी पंप, पण त्याच पंपावर गोधड्या, म्हणून पाणी पुन्हा बादलीने शेंदायचं, गोधड्या धुवायच्या आणि परत त्याच पंपावर घालायच्या. उन्हाचीच वीज होते हे त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटे वीज खालच्या वायरीतून येते. आम्ही दोघींनी गोधड्या उतरवल्या. पंप घरघरला आणि पाइपातून पाणी आलं. तुळसाबाईंनी धारेखाली दोन्ही हात धरले. मग म्हणाल्या, "एवढंच होतं काय वं?"

मॅडम चिखल तुडवत पोचल्या तेव्हा मी बांधावरच्या कडुलिंबावर चढले होते. माझ्या पिशवीत वायरचं भेंडोळं होतं. (मुलाखतीला कशाला नेलं, असं आई विचारते. मलाही माहीत नाही.) लिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत मी ते ताणून बांधलं आणि गोधड्यांची वेगळी सोय करून दिली. परतताना मॅडम एवढंच बोलल्या, "पहली तारीख से आ जाओ." काल कागदही आला. बाबांनी तो तीनदा वाचला आणि फ्रेमवाल्याकडे निघाले होते. आईने अडवलं, म्हणाली, आधी पोरीले कामावर तं जाऊ द्या. तुम्ही आणि मामी एकदा येऊन जा. मोठ्यांना जयभीम, लहानांना गोड पापा.

तुमची भाची,
मंजुषा

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची राहिली. मुलाखतीत साहेबांनी मध्येच विचारलं होतं, "गाड़ी चला लेती हो?" मला वाटलं हाही फसवाच. मी म्हटलं, "सर, रास्ता हो तो गाड़ी चलती ही है." साहेब हसले आणि कागदावर बरोबरची खूण केली. आता नियुक्तीच्या कागदात लिहून आलंय की पस्तीस गावं फिरायची, दुचाकी स्वतःची. मामा, मला सायकलसुद्धा उजवीकडे वळवता येत नाही. तुमची स्कूटी अंगणात नुसतीच उभी असते. ती घेऊन रविवारपर्यंत या. बारा दिवस उरलेत.

ता. क. २ : बाबांना यातलं काही बोलू नका. त्यांना वाटतं मला चालवता येते.

ता. क. ३ : स्कूटीला ब्रेक कोणत्या हाताला असतो? खरंच विचारते आहे. उत्तर पत्राने नको, फोन करा.