तुझ्यासारखी बोलणारी बाई

आई, सोमवारी पोट्टीले कोणाजवळ ठेवायचं ते अजून ठरलं नाही, असं मी साऱ्यायले सांगून राहिली. तुले जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझी नात तेरा महिन्यांची आहे, धरून धरून उभी राहते, पाऊल टाकायले भिते. मी इकडं छत्तीसगढात सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. सकाळी आठले बस येते, घरी यायले सात वाजतात. जावई तुझा रेल्वेत, गाडी घेऊन गेला की दोन-दोन दिवस येत नाही. सासरे वर्ध्याले अंथरुणाले खिळलेले, त्यायले सोडून सासू येणार कशी? नोकरी सोड म्हणणारे शंभर भेटतात. पण तूच ना वो सांगून गेली, आभाळ कोसळलं तरी बाईनं आपली नोकरी सोडू नये? मग आता सांग, काय करू मी?

बाळंतपणाची वाढवून घेतलेली सुट्टी संपायच्या आधी, कामाले म्हणून दोघीजणी आल्या होत्या. पहिली बीरगांवची, छत्तीसगढी. आल्याबरोबर तिनं नळावर हातपाय धुतले अन् फरशीवर बसली. पोट्टीले उचललंच नाही. बसून राहिली, पोट्टी आपली रांगत रांगत तिच्या मांडीपर्यंत गेली. "फिकर झन कर दीदी, नोनी मोर संग रही जाही," म्हणे. काळजी करू नको, पोरगी माझ्याजवळ राहील, असं सांगून राहिली होती ती, अन् मी मनात म्हणून राहिली की ही दिवसभर नोनी-नोनी करेल तर माझी पोट्टी मराठी कधी बोलेल? जावेची पोरं पाहते ना मी, मराठीत विचारा, हिंदीत उत्तर देतात. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. आपली. तुझ्या माहेराजवळच्या गावची निघाली. दारातूनच म्हणाली, "काहून रडून राहिली वो पोट्टी? ये, ये माझ्याजवळ." आई, तुझाच आवाज गं. तसाच हेल, तसंच 'काहून' लांबवणं. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मी चहा केला, गावाच्या गोष्टी केल्या, अन् याआधी कोणाची लेकरं सांभाळली, कशी सांभाळली, हे विचारायचंच राहून गेलं. भाजी घेताना चार भेंड्या मोडून पाहतो आपण. पोटच्या लेकरासाठी मी एवढंही केलं नाही.

दोन महिने कसे छान गेले म्हणून सांगू! घरी यावं तर पोट्टी झोपलेली. "गुणाची आहे वो, त्रासच देत नाही," ती म्हणे, अन् मी बसमध्ये ज्याले-त्याले सांगे की मले देव भेटला. मग एक दिवस कारखान्यात दुरुस्तीसाठी लाईन बंद केली, अन् मी दुपारी दोनलेच घरी. पोट्टी पलंगावर, तोंड उघडं, लाळ गळून राहिलेली. हाक मारली, हलवली, तळपायाले चिमटा घेतला. डोळे अर्धे उघडते अन् फिरवते. फळीवर सर्दीच्या औषधाची बाटली. तिले विचारलं तर ती घाबरलीसुद्धा नाही. "झोपेले चांगलं असते ते. आमच्या साऱ्या पोट्ट्यायले देलं, मेलं का कोणी?" डॉक्टरनं संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. देवाची कृपा, वाचली. त्याच दिवशी मी त्या बाईले घरातून काढलं. तोंडाले येईल ते बोलली तिले.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या-बसल्या मले तूच दिसत होती. मी पाच वर्षांची. तू ऑफिसात जाताना मले मागच्या क्वार्टरमधल्या काकूंकडे सोडायची. एका दुपारी तू डबा तसाच टाकून मले पाहायले आली, तर काकू आत कूलरसमोर घोरून राहिल्या अन् मी भर उन्हात ओट्यावर, दार आतून बंद. पाय भाजून लाल झाले होते माझे. तू मले पोटाशी धरशील वाटलं होतं. तू माझ्याच पाठीत धपाटा घातला. "बाहेर आलीच काहून तू?" असं ओरडली, काकू उठल्या तर त्यांच्याशी हसून बोलली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दारात सोडून गेली. मी तुले कधी माफ केलं नाही त्यासाठी. तुझ्या शेवटच्या आजारात पाय दाबतानाही ते माझ्या मनात होतं.

मग मी बीरगांवले त्या पहिलीच्या दारात गेली. ती आता भनपुरीच्या एका घरचं लेकरू सांभाळते. हात जोडले मी तिले. "अब कइसे छोडहूं दीदी, ओ लइका मोला चिन्हे हे," म्हणे. ते लेकरू आता तिले ओळखते, कसं सोडू म्हणे. खरं आहे तिचं. अशी बाई लोकांच्या नशिबात असते, मी तर आपल्या हातानं परत पाठवली. पाळणाघर पाहिलं, एका खोलीत वीस लेकरं अन् समोर टीव्ही. ओळखीच्या चार घरी विचारलं, सारे हं हं करतात अन् फोन उचलत नाहीत. दवाखान्याच्या दिवसापासून काढलेली सुट्टी शनिवारी संपते. साहेबानं स्पष्ट सांगितलं, सोमवारी यायचं नाहीतर यायचंच नाही.

तू असती तर हे तुले बोलली नसती मी, लिहिलंही नसतं. जावयालेही सांगितलं नाही. गरजवंताले अक्कल नसते म्हणतात, पण मले अक्कल होती आई, सारं समजत होतं. काल दुपारी मी तिलेच फोन लावला, तुझ्यासारखं बोलणाऱ्या त्या बाईले. झालं गेलं विसरा म्हटलं, सोमवारी या म्हटलं, ती हो म्हणाली. बाटलीची गोष्ट काढायची होती. जिभेवर आली होती. पण ती रागावली अन् येत नाही म्हणाली तर, म्हणून ती गोष्ट न काढताच मी फोन ठेवला.