जेवढं गेलं तेवढंच आलं

बेलवली, बदलापूर (प.)
बुधवार, दुपारी

ती. यशोधरावन्सं,

अंजनीचा वाकून नमस्कार. (आता पूर्वीपेक्षा बराच खालपर्यंत वाकता येतं, त्याचं कारण पुढे येईल.) तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? भावोजी सकाळी खरंच फिरायला जातात, की अजून गच्चीत दोन फेऱ्या मारून "जाऊन आलो" म्हणतात? शौनकला नवं ऑफिस मानवलं असेल अशी आशा आहे. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे नक्की कशी, तेच सांगायला हे पत्र. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही रडता, मग मी तुमची समजूत काढत बसते आणि सांगायचं ते राहून जातं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनेत्राबाईंनी तुम्हाला साताऱ्याला फोन करून कळवलं, की विष्णुपंत अजून जिना चढून घरी येतात. ते ऐकून तुम्ही ठरवलंत, की वर्षश्राद्धाला येताना एक वेगळे गुरुजी आणायचे आणि त्यांच्याकडून शांत करवून विष्णूला कायमचं मोकळं करायचं. तुमचा भाऊ आहे, तुमचा हक्क आहे. पण माझाही नवरा आहे. (होता, असं अजून लिहिता येत नाही, तेवढं चालवून घ्या.) तेव्हा यांना घालवण्याआधी मुळात हे इथे आहेत की नाहीत, एवढं माझ्याकडून ऐका. सुनेत्राबाई चांगल्या आहेत, पण त्या भाजीचा भावसुद्धा वाढवून सांगतात.

सगळं सुरू झालं ते दहाव्याला. उल्हास नदीवर आपण सगळे उभे होतो आणि कावळा शिवत नव्हता, ते तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही म्हणालात, अंजनीला आम्ही अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. भावोजी म्हणाले, घराचे सगळे कागद मी नीट लावून देतो. कावळ्याने पाठ फिरवली. शौनक बिचारा म्हणाला, मामा, तुमची स्कूटर मी मागणार नाही. तरी नाही. मग तुम्ही पुन्हा एकदा मोठ्याने तेच म्हणालात आणि कावळा झपकन आला, भातावरचा वडा उचलून गेला. तेव्हापासून ते श्रेय तुमच्याकडे आहे आणि मी आजवर ते हलवलं नाही. पण वन्सं, त्याच क्षणी मी मनात म्हणाले होते, "बरं बाई, जाते जिमला."

तुम्हाला हे माहीत नाही. जाण्याच्या महिनाभर आधी यांनी इथल्या नव्या जिममध्ये आम्हा दोघांची नावं वर्षभरासाठी घातली होती. डॉक्टरांनी चरबी कमी करा म्हणून सांगितलं होतं, यांना आणि मलाही. नावं घातली, फोटो काढले आणि आम्ही दोघं एकही दिवस गेलो नाही. हे म्हणायचे, तू नीघ म्हणजे मी निघतो. मी म्हणायची, तुम्ही चपला घाला म्हणजे मी घालते. अशाने एक महिना गेला आणि मग हे एकटेच निघाले, पण भलतीकडे. तर कावळ्याला शब्द दिला होता म्हणून मी तेरावं झाल्यावर जिममध्ये गेले. साडीवर स्पोर्ट शूज घालून. तिथल्या मुलींनी मला फी भरायला आलेली कोणाची तरी आई समजून खुर्ची दिली.

तिथे करण म्हणून शिकवणारा आहे. मूळचा बदलापूरचाच, पण बोलतो असं की अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. मला वाटलं होतं फिरत्या पट्ट्यावर चालवेल. त्याने पहिल्या दिवशी हातात वजन दिलं. म्हणाला, "आंटी, नुसतं फॅट कम करने का नहीं. मसल पण बनवायचं. दोन्ही एकदम. नाहीतर बारीक होऊन घरात पडून राहणार, मग काय फायदा?" शिवाय त्याने मला पोटभर डाळ, पनीर आणि अंडी खायला सांगितली. उपास बंद. (चतुर्थीचं मी गणपतीशी बोलून घेतलं आहे.)

मी नेमाने गेले. बसल्या जागेवरून हात न टेकता उठायला लागले. ब्लाउज कमरेला सैल आणि दंडाला घट्ट व्हायला लागले, शिंपी विचारायला लागला की माप कोणाचं आहे. पण वन्सं, काट्यावर उभी राहिले की वजन जेवढ्याला तेवढं. दर महिन्याला तेवढंच. मी करणला म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. तो म्हणाला, "काटा बराबर आहे आंटी. कमर गेली, खांदे आले. जेवढं गेलं तेवढंच आलं. बॉडी आतून चेंज होतेय, टेन्शन काय को?"

आता टेन्शन काय को हे त्या मुलाला कसं सांगू? साधी गोष्ट आहे. गोणीतून आपण रोज मूठमूठ तांदूळ काढावेत आणि गोणीचं वजन उतरू नये, तर त्याचा अर्थ एकच, की कोणीतरी त्यात रोज मूठमूठ काहीतरी घालतं आहे. मी कमी कमी होत होते आणि माझ्या जागी तेवढंच दुसरं कोणीतरी येत होतं.

मी वाचनालयातून शरीराचं पुस्तक आणलं. (तुम्हाला माहीत आहे, मी आठवीपर्यंतच शिकले, पण हे कंपनीत गेले की दुपारी वाचायची मला सवय लागली ती लागली.) त्यात लिहिलं होतं की चरबीचा स्नायू होत नाही. चरबी वेगळी जाते, स्नायू वेगळा येतो. आणि जाते कुठे, तर बरीचशी श्वासावाटे बाहेर. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन खोल्यांकडे बघत बसले. म्हणजे गेल्या कित्येक महिन्यांची मी या घरात हवेसारखी पसरले होते. आणि स्नायू येतो तो अन्नातून येतो म्हणे. ते ठीक आहे. पण मी जेवते यांच्या ताटात. तुम्हीच म्हणाला होतात ना, ते ताट मोडीत घालू नको म्हणून.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिजलं नाही. हे गॅलरीत छोट्या शेगडीवर उकडायचे आणि तिथेच उभं राहून, रस्त्याकडे तोंड करून खायचे. मीही तेच करते, सोवळं म्हणून नव्हे, शेगडी तिथेच आहे म्हणून. एके सकाळी समोरच्या इमारतीतल्या बाईने मला बघून देवघरातली घंटा वाजवायला सुरुवात केली. माझ्या खांद्यावर यांचा पंचा होता, हे मला नंतर कळलं.

एकदा जिमला घालायला सैल शर्ट हवा म्हणून उल्हासनगरला गेले. तिथे एका सिंधी दुकानदाराकडून यांचे शर्ट घ्यायची पद्धत होती. मी म्हटलं, मला स्वतःला पाहिजे. त्याने माझ्या खांद्यांकडे एकदा पाहिलं आणि न विचारता यांच्याच मापाचा काढून दिला. बांधता बांधता म्हणाला, "भाभीजी, साहब को बोलना, इस बार रंग पक्का है." त्याला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बोलती हूँ. घरी येऊन घातला तर खांद्याला बरोबर बसला. आणि वन्सं, मी मोठ्याने सांगितलं, की या वेळी रंग पक्का आहे हो. शब्द दिला होता ना.

जिन्याचं सुनेत्राबाईंनी सांगितलं ते खरं आहे, पण तो आवाज माझा. पूर्वी मी कठड्याला धरून एकेक पायरी चढायची. आता दोन दोन चढते आणि त्यांच्या दाराशी येऊन दम घेते. हेही तिथेच थांबायचे आणि खाकरायचे. मी खाकरत नाही. सुनेत्राबाई म्हणतात, खाकरणं ऐकलं. मी म्हटलं, खोटं. त्या म्हणाल्या, "अहो अंजनीबाई, मी चहासुद्धा टाकला सवयीने! दार उघडलं तर तुम्ही! तेवढ्यात कप फुटला माझा." फुटलेल्या कपाची शपथ घेऊन बाई बोलते म्हटल्यावर मी काय बोलणार?

आता लोणच्याच्या बरणीचं सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. यांच्या हाताला जी पकड होती ती तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल. डबा असो, नळ असो, हे लावायचे तर असं की दुसऱ्या कोणाला उघडता येऊ नये. आयुष्यभर मी त्यावरून बोलले. हॉस्पिटलात जायच्या सकाळी यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी लावली, ती महिनोन् महिने तशीच होती. मला उघडेना, मी दुसऱ्या कोणाला देईना. श्रावणात एकदा सहज हात घातला आणि झाकण फिरलं. इतकं सहज! मी जिंकल्यासारखी हसले, आणि मग खालीच बसले. यांच्या हाताची तेवढी एक पकड घरात शिल्लक होती आणि ती मी माझ्या हाताने सोडवली होती. लोणचं चांगलं होतं. मी ते खाल्लं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नळाचं सुरू झालं. हे गेल्यापासून ओट्यावरचा नळ ठिबकत होता, कारण तो पुरता आवळणारं कोणी नव्हतं. भांडी घासायला रंजना येते, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. एक दिवस ती नळाशी झटापट करून माझ्याकडे आली. म्हणाली, "काकी, नल कोनी आवलला येवढा? काका येऊन गेलं काय?" मी हसले, तीही हसली. मी जाऊन पाहिलं. घट्ट. थेंब नाही. मी जोर लावून उघडला, पण आवळल्याचं मला आठवेना. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. रंजनाने दुसऱ्या दिवशी अंगारा आणला आणि नळाला लावला. तेव्हापासून माझ्या चहाला जरा वेगळी चव येते.

शेवटी मी पाळत ठेवायचं ठरवलं. तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी दार लावून, नळ मुद्दाम ठिबकता ठेवून, ओट्यासमोर खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसले. खरं सांगते, भीती नव्हती. केस मात्र नीट विंचरले होते. वाचता वाचता डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा मी ओट्याशी उभी होते आणि माझा उजवा हात नळावर होता, आवळत. यांच्यासारखाच, अंगठा वर करून. दंडावर शीर उभी राहिली होती. कोणी आलं नव्हतं, वन्सं. मीच होते. मी परत खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही.

तर असं आहे. जिन्यावर मी, गॅलरीत मी, नळावर मी. करणच्या भाषेत चरबी गेली आणि स्नायू आले, बाकी काही नाही. तेव्हा वेगळे गुरुजी नकोत. नेहमीचे गुरुजी येतील, नेहमीचं वर्षश्राद्ध होईल, तुम्ही दोघं आणि शौनक जेवायला या. सुनेत्राबाईंनाही बोलावते, त्यांना नवा कप द्यायचा आहे. भावोजींना नमस्कार, शौनकला आशीर्वाद.

तुमची,
अंजनी

ता. क. येताना कंदी पेढे आणू नका, शेंगदाणे आणा. पेढे आणलेतच तर थोडेच आणा. हे खायचे तेवढे.

ता. क. २. वरचं पत्र काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी ओट्याचा नळ नीट ठिबकताना पाहून मी जिमला गेले. किल्ली माझ्याजवळ होती. रंजना भातकापणीला पाड्यावर गेली आहे, ती आठवडाभर येणार नाही. परत आले तर नळ बंद. मी एका हाताने पाहिलं, दोन हातांनी पाहिलं, ओल्या फडक्याने धरून पाहिलं. वन्सं, मला उघडेना. आता माझ्या हातात किती ताकद आली आहे ते मी तुम्हाला एवढं सांगितलंच आहे. सुनेत्राबाईंना हे बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

ता. क. ३. भावोजी हे वाचून लगेच पाना घेऊन निघतील. त्यांना निघू देऊ नका. प्लंबर नको, पाना नको आणि ते गुरुजी तर नकोच नकोत. स्वयंपाकाला पाणी मी न्हाणीघरातून आणते, काही अडत नाही. करणला फोन करून विचारलं, पकड आणखी वाढायला किती दिवस लागतील. तो म्हणाला, या वयात सावकाश, आंटी, घाई केली तर मनगट दुखेल. मी म्हटलं, मला घाई नाहीच. नळ मी माझ्या हाताने उघडीन. उघडला की तुम्हाला कळवते, मग आणा गुरुजींना.